शहराविना उपनगर

गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीचा फोन आला तो कुंपणावरून. ती अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन टाउनशिपमध्ये राहते. घरामागच्या अंगणाला लाकडी कुंपण घालायचं, तर आधी नकाशा जोडून अर्ज करायचा, कुंपण किती उंच आणि हद्दीपासून कुठं ते लिहून द्यायचं, मग परवाना. अर्ज भरता भरता तिला आमचं गाव आठवलं. म्हणाली, "दादा, अण्णांनी घरापुढं बाभळीच्या फांद्या टाकून कुंपण घातलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं रे?"

कुणालाच नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ज्या जागेला अण्णांनी कुंपण घातलं, ती जागाही कुणीतरी कागदावर आखलेलीच होती. रस्ता तीस फूट, कोपरा काटकोनात, घरापुढं मोकळी जागा, घरामागं मोकळी जागा. आम्ही दोघं भावंडं अशाच एका आखीव वस्तीत वाढलो. फरक इतकाच की तिची टाउनशिप न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या आधारानं उभी आहे, आणि आमच्या वस्तीच्या चारी बाजूंना ज्वारी होती.

मी लातूरला भूगोल शिकवतो. वस्त्यांचे प्रकार हा धडा दरवर्षी येतो: केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती, ग्रामीण, नागरी. काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, आमचं गाव पुनर्वसित आहे. ते यातलं कोणतं?" मी म्हणालो, ग्रामीण. ती म्हणाली, "पण सर, ते तर कॉलनीसारखं आहे." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण लहानपणी नवं गाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून हेच निघालं होतं. त्या मुलीला तेव्हा जे सांगता आलं नाही, ते इथं सांगायचा प्रयत्न करतो.

काळी आणि पांढरी

तेरणा नदी धाराशिव जिल्ह्यात उगम पावते, पुढे मांजरेला मिळते, आणि मांजरा गोदावरीला. नदी मोठी नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. पण तिच्या काठची वस्ती फार जुनी. तिच्याच काठावरचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणबरोबर तगरचंही नाव येतं. म्हणजे या खोऱ्यात माणूस दोन हजार वर्षं तरी घर बांधून राहतो आहे.

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. एका पिढीचं घर पडलं की त्याच मातीवर पुढच्या पिढीनं घर बांधायचं. असं करत करत गावाची जागा भोवतालच्या शेतांपेक्षा उंच होत जाई. आमचं जुनं गाव अशाच पांढरीवर होतं. भोवती गावकूस, एक वेस, वेशीशी मारुती, आत गढी. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की दोन बोळांतून समोरासमोर येणाऱ्या बैलांना एकानं मागं सरल्याशिवाय वाट मिळत नसे. बायका एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जात. आजी तर म्हणायची, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय जमिनीला न लावता जाता येतं.

ही दाटी उगाच आलेली नव्हती. लुटारूंची भीती, निजामाच्या राज्यातली अखेरची वर्षं, रझाकारांचा काळ, हे सगळं या भागानं पाहिलेलं. चिकटून राहण्यात राखण होती. सुपीक काळी जमीन घरांखाली घालवायची नाही, हाही हिशेब होता.

घरं काळ्या दगडाची. दक्षिणेच्या पठारावरचा हा बेसॉल्ट, किल्लारीजवळ त्याच्या थरांची जाडी सुमारे ३४० मीटर भरली. दगडाला तोटा नव्हता, चुना मात्र महाग. म्हणून ओबडधोबड दगड मातीत बसवायचे आणि भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड घ्यायची. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, तेच माळवद. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर नवी पांढरी माती पडायची. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हातही अशा घरात दुपारी गारवा असे. दारातून शिरलं की ढेलज. तिथं पाव्हणा बसायचा, मुलं अभ्यास करायची, बापईमाणसं तंबाखू मळत. भिंतीतल्या बळदात धान्य. घर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेलं वजन होतं. ते डोक्यावर आहे, असं कुणाला वाटत नव्हतं.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं

१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीच्या परिसरात धक्के बसू लागले होते. भांडी वाजायची, लोक बाहेर यायचे, पुन्हा आत जायचे. सरकारी नकाशावर हा भाग भूकंपाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पठार स्थिर आहे, असं पुस्तकात होतं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. रिश्टर मापनावर सहाच्या वरचा धक्का, केंद्र फार खोल नाही. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली कितीतरी गावं मिनिटभरात खाली बसली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींमध्ये आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो. निम्न तेरणा प्रकल्पाचं माकणीचं धरण जवळच होतं. त्या पाण्यामुळं हे झालं का, यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं बोलत राहिले, आणि पारावर आम्हीही.

मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरातली तिघं गेली: आजोबा, धाकटी चुलती आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा. आजी उकाड्यामुळं अंगणात बाजेवर होती, ती वाचली. आम्हाला अण्णांनी आणि चुलत्यानं दगड हातानं बाजूला करत काढलं. मदत येईना, कारण मदत यायला वाट नव्हती. बोळ दोन्ही बाजूंच्या भिंतींनी भरून गेले होते. ज्या दाटीनं गावाला पिढ्यान्‌पिढ्या राखलं, तिनंच त्या पहाटे गावाला कोंडलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही. गावकुसाबाहेर, छपरात आणि पत्र्याखाली राहणारी माणसं त्या मानानं अधिक वाचली. त्यांच्या वाट्याला जाड भिंती आणि माळवदं कधी आलीच नव्हती.

अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे

शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्य सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. देशभरातून आणि बाहेरून संस्था आल्या, त्यांनी गावं दत्तक घेतली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवायची ठरली. त्यांपलीकडच्या दोनेक हजारांवर गावांत लोकांनी आहे तिथंच घरं दुरुस्त करायची, मजबूत करायची, त्यासाठी पैसे आणि मार्गदर्शन सरकार देणार होतं. आमचं गाव ५२ मधलं.

दगडाच्या घरात परत जायचं नाही, जुन्या जागी तर नाहीच, असं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं. त्या पांढरीखालून माणसं काढलेली होती. त्यामुळं नवं गाव आमच्यावर लादलं गेलं, असं मी म्हणणार नाही. आम्हीच ते मागितलं होतं. मात्र काय मागतो आहोत, याची कल्पना आम्हाला नव्हती. आणि देणाऱ्यांनाही खेड्याचा नकाशा कसा काढायचा हे माहीत नव्हतं, कारण खेड्याला नकाशा नसतोच. त्यांना कॉलनीचा नकाशा माहीत होता. तोच त्यांनी काढला.

घरं तीन मापांत. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०. सात हेक्टरच्या वर ७५०. ही मापं अजून आमच्या बोलण्यात आहेत. सोयरिकीला आलेला माणूस अजूनही हळूच विचारतो, "अडीचशेवाले का साडेचारशेवाले?" बऱ्याच आखणीत एका मापाची घरं एका पट्ट्यात आली. जुन्या गावात जात कुठं राहते ते बोळावरून कळायचं. नव्या गावात सातबारा किती आहे ते गल्लीवरून कळू लागलं.

आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांना अडीच वर्षं लागली. १९९६ च्या उन्हाळ्यात ताबा मिळाला. अण्णांना एका पट्ट्यात साडेचारशेचं, चुलत्याला दुसऱ्या पट्ट्यात अडीचशेचं. जुन्या घरात दोन्ही भावांच्या चुली एका भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. आता मध्ये तीन रस्ते आले. आजी सकाळी एका मुलाकडं चहा प्यायची आणि दुसऱ्याकडं जेवायला निघायची, ती वाटेत दोनदा बसायची. बसायला सावली नव्हती. कडुलिंबाची रोपं गुडघाभर होती.

मी मात्र खूश होतो. नांदेडला माझे मामा सिडकोत राहायचे. गोदावरीच्या अलीकडं, दक्षिण काठावर, सिडको-हडकोची ती वस्ती. दोन्ही नावं वस्तीची नव्हेतच. सिडको हे नवी मुंबई उभारण्यासाठी १९७० साली काढलेलं महामंडळ, हडको हे त्याच वर्षी स्थापन झालेलं घरबांधणीला कर्ज देणारं केंद्र सरकारचं महामंडळ. आमच्याकडं मात्र लोक "सिडकोला गेलो होतो" असं म्हणतात, जणू ते शेकडो वर्षांचं गाव. ज्या वाघाळ्याच्या शिवारात हे सगळं वसलं, त्याचं नाव १९९७ साली झालेल्या नांदेड-वाघाळा महानगरपालिकेच्या पाटीवर तेवढं राहिलं. मामाच्या घरी सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरापुढं छोटा फाटक. नव्या गावात ट्रॅक्टरमधून उतरलो आणि ओरडलो, "हे तर मामाच्या सिडकोसारखंय!"

अण्णा म्हणाले, "व्हय. पण मामाला पुलापलीकडं नांदेड हाय. आपल्याला काय हाय?"

मामा सकाळी सायकलवर नदी ओलांडून कामाला जायचे. उपनगर असंच असतं: रात्री झोपायची जागा एकीकडं, पोटाची जागा दुसरीकडं, आणि दोघांना जोडणारा पूल, बस किंवा आगगाडी. आमची पोटाची जागा म्हणजे जुन्या गावाभोवतीची काळी. ती जागची हलली नव्हती. गाव मात्र तीन किलोमीटर लांब माळावर गेलं होतं.

बटाट्याची शेतं, ज्वारीची शेतं

बहिणीकडं मी एकदा सहा आठवडे राहून आलो. एडिसनला तिकडं टाउनशिप म्हणतात ते आपल्याकडच्या बिल्डरच्या जाहिरातीतल्या अर्थानं नव्हे. ती एक स्थानिक राज्यसंस्था आहे, महापौर आणि परिषद असलेली. १८७० साली रॅरिटन टाउनशिप म्हणून ती झाली. तिच्यातल्या मेन्लो पार्कला थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती, म्हणून १९५४ साली नाव बदललं. आता तिथल्या ओक ट्री रोडवर आपली दुकानं इतकी की चक्कर मारताना नांदेडच्या वजिराबादची आठवण होते. गाड्या सोडल्या तर.

अमेरिकेचा पश्चिमेकडचा मोठा भाग तर माणसं पोचण्याआधीच कागदावर आखला गेला. १७८५ च्या जमीन कायद्यानं सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे ठरवले. प्रत्येक चौकोन म्हणजे एक टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखून ठेवलेला. मूळ रहिवासी त्या भूमीवर होतेच, पण कागदावर ते नव्हते. कोरा कागद हा नेहमी कुणाच्या तरी भरलेल्या जागेवरच पसरलेला असतो. आमच्या नव्या गावाची जमीनही कुणाची तरी पिकती शेती होती. संपादन झालं तेव्हा त्या घरांनी भूकंपात माणसं गमावली आणि नंतर रानही.

तिथं असताना लेव्हिटटाउनबद्दल वाचलं आणि दचकलो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांवर लेव्हिट कंपनीनं १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं बांधली. कारखान्यात मोटारी जोडाव्यात तशी. भर कामात दिवसाला तीस घरं उभी राहायची. अमेरिकी उपनगर म्हटलं की जगाला जे चित्र आठवतं, ते बरंचसं तिथून आलं. सुरुवातीच्या घराचं माप किती? ७५० चौरस फूट. आमच्याकडं सात हेक्टरच्या वरच्या शेतकऱ्याला मिळालं तेवढंच. तिथं मापाची अट नव्हती, कातडीची होती: करारात लिहिलेलं होतं की गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. वस्तीत कुंपण घालायला मनाई होती. हिरवळ सलग दिसली पाहिजे.

आज मूळ रूपातलं घर तिथं शोधावं लागतं. लोकांनी माळे चढवले, खोल्या वाढवल्या, कुंपणं घातली. सगळ्यांना सारखं दिलेलं घर प्रत्येकानं आपापलं करून घेतलं. हे वाचताना मला अण्णांच्या बाभळीच्या फांद्या आठवल्या. माणसाला आखलेली जागा दिली की तो पहिल्यांदा हद्द घालतो, मग छप्पर वाढवतो. लाँग आयलंडला काय आणि औशाला काय.

पण एक फरक मोठा आहे. लेव्हिटटाउनची माणसं शहरात नोकरी करत होती, घरात फक्त राहत होती. आमच्या घराला बैल होते, कडबा होता, शेण होतं, बी-बियाणं होतं. आखणाऱ्यानं शेतकऱ्याच्या घरात माणसं मोजली. बैल मोजले नाहीत.

तोरण कुठं बांधायचं?

नव्या गावातला पहिला पोळा मला लख्ख आठवतो. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या आणि मग सगळे थांबले. पोळ्याचं तोरण वेशीत बांधतात. त्याखाली बैल जमतात, मानाचा बैल पुढं होतो, तोरण तुटतं. नव्या गावाला वेस नव्हती. सात रस्ते आडवे, पाच उभे, गावात शिरायला पाच-सहा वाटा, आणि कुठूनही शिरलं तरी सारखंच दिसणार. मानाचा बैल ज्या घरचा, ते म्हणाले आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधा. दुसरे म्हणाले शाळेपाशी. दुपार टळली. शेवटी म्हाताऱ्यांनी एसटी थांबते तिथले विजेचे दोन खांब ठरवले. दोन खांबांत तोरण बांधलं आणि बैल त्याखालून गेले.

त्या दिवशी त्या जागेला वेस म्हणायला लागले. पुढच्या दोन वर्षांत तिथं मारुती आला, पार आला, चहाचं हॉटेल आलं. नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. नकाशात ज्याला सामाजिक केंद्र म्हटलं होतं, तिथं आज खताची पोती आहेत.

गेल्या तीस वर्षांचा आमच्या गावाचा इतिहास असा खांबा-खांबानं घडलेला आहे. घरापुढच्या मोकळ्या जागेत गोठा आला. मागच्या बाजूला चूल गेली, कारण सिमेंटच्या बंद खोलीत धूर कोंडायचा. संडासात बरीच वर्षं गोवऱ्या होत्या, मुली मोठ्या व्हायला लागल्यावर तो संडास झाला. तीस फुटी रस्त्यावर सोयाबीन वाळतं. इतकं चांगलं खळं आम्हाला कधी मिळालं नव्हतं. उन्हाळ्यात नव्या घरांच्या भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात, म्हणून ज्याला जमेल त्यानं पुढं पत्रा टाकला. आजीनं त्या पत्र्याखाली दगडी ओटा करून घेतला आणि त्याला ढेलज म्हणाली. तिच्या अखेरच्या बारा वर्षांतल्या बहुतेक दुपारी त्या ओट्यावर गेल्या.

इतर गावांतही असंच काही ना काही घडलं. एका गावाला अर्धगोल घुमटांची घरं मिळाली होती. पेटी आणि कपाट गोल भिंतीला टेकेना, म्हणून लोकांनी पुढं चौकोनी खोल्या जोडल्या.

काही माणसं मात्र आखणीतून बाहेरच पडली. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. माझा वर्गमित्र त्यांत होता. वाघोलीला शिकला, तिथंच राहिला. तेव्हा वाघोली पुण्याबाहेरचं खेडं होतं. आता ते पुण्याचं उपनगर आहे, २०२१ साली महापालिकेत गेलं. तो म्हणतो, तुम्हाला उपनगर दिलं आणि शहर आलं नाही, मला खेडं दिलं आणि शहर चालत आलं. आमच्या गावातल्या बऱ्याच घरांतली तरणी पोरं आज लातूरला किंवा पुण्याला आहेत. साडेचारशे फुटांत म्हातारा-म्हातारी राहतात. मला कधी कधी वाटतं, आखणाऱ्यांच्या मनातलं उपनगर आता कुठं पूर्ण होत आलं आहे, कारण शेत सोडून कामाला लांब जाणारी माणसं त्यात आता खरोखरच आहेत.

पट्टा

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा नकाशा म्हणजे एक चूक होती आणि लोकांनी ती दुरुस्त केली. बरीच वर्षं मीही असंच सांगत असे. दोन वर्षांपूर्वी घर वाढवायला काढलं, तेव्हा मत बदललं.

अण्णा गेल्यावर चुलत्याच्या नातवासाठी मागं एक खोली काढायची ठरली. मिस्त्री आला, चांगला कामाचा माणूस, वय पंचविशीच्या आत. त्यानं जुन्या भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, इथं दाराच्या वरून सगळीकडं काँक्रीटचा पट्टा फिरवलाय, बिनकामाचा. दार उंच करायचं तर तेवढा तोडून काढतो. नव्या खोलीला घालायची गरज नाही, खर्च वाचंल."

तो पट्टा मी ओळखत होतो. १९९५ साली बांधकाम चालू असताना आम्ही पोरं रोज जाऊन बघायचो. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या वर एक, छताखाली एक. एका इंजिनिअरनं आम्हाला काडेपेटीभोवती दोरा गुंडाळून दाखवलं होतं: भिंती चार असतात, जमीन हलली की चौघी चार दिशांना पळतात. हा पट्टा त्यांना एकमेकींचा हात सोडू देत नाही. दगडी घरांच्या गावांत भिंतीतून आरपार दगड घालायला शिकवलं, तेही त्याचसाठी. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून हे घरोघरी समजावत फिरल्या होत्या. बांधकाम कळणाऱ्या बायका आमच्या भागानं तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

तीस फुटी रस्त्याचंही तसंच. आजी त्याला शिव्या द्यायची, त्यावर सावली नाही म्हणून. पण भिंत पडली तरी रस्त्याचा मधला भाग मोकळा राहील, एवढा तो रुंद आहे. चुलती आणि तिचं लेकरू दुपारी तीनपर्यंत सापडले नाहीत, कारण आमच्या बोळातून एक माणूससुद्धा जाऊ शकत नव्हता. ती रुंदी कुणी शहरी साहेबानं हौसेनं काढली असेल, नसेलही. आमच्यापुरती ती त्या बोळाच्या उलट काढलेली रेघ आहे. आणि आता तिथं काय चाललंय? दोन्ही बाजूंनी पत्रे, ओटे, गोठे पुढं येतायत. आमच्याच गल्लीत आज चारचाकी अंग चोरून जाते. अण्णांचं बाभळीचं कुंपण पुढं विटांची भिंत झालं आणि ती भिंत नकाशातल्या हद्दीच्या चार फूट बाहेर आहे. आम्ही गाव परत मिळवत मिळवत बोळही परत आणत आहोत.

वर्गातल्या त्या मुलीला आज मी सांगेन की तुझं गाव ग्रामीणही आहे आणि नागरीही. त्याचा नकाशा शहराच्या कॉलनीचा आहे, त्यातलं जगणं शेतकऱ्याचं आहे, आणि दोघांच्या मधली प्रत्येक भिंत कुणीतरी कशाला तरी उत्तर म्हणून घातलेली आहे. घरी जाऊन विचार, कुठली कशाला. जिला १९९३ आठवतं अशी माणसं आता थोडी उरली आहेत. मिस्त्री पंचविशीचा आहे.

खोली झाली. पट्टा तोडू दिला नाही, दार आहे तेवढंच ठेवलं. नव्या खोलीलाही तिन्ही पट्टे घातले आणि जुन्याच्या सळईशी बांधून घेतले. खर्च वाढला, चुलता कुरकुरला, मग भिंतीजवळ उभा राहून बराच वेळ काम बघत राहिला. विटांची ती चार फूट पुढं आलेली भिंत मात्र अजून तिथंच आहे. ती मागं घ्यायची तर आजीची ढेलज जाते. बहिणीला फोनवर विचारलं, काय करू. तिनं तिकडचा परवाना मिळाला का ते सांगितलं नाही. म्हणाली, "ढेलज ठेव, पण पत्रा आत घे. आणि समोरच्यांनाही सांग."

समोरच्यांशी या पोळ्याला बोलायचं ठरवलं आहे. खांबापाशी सगळे भेटतातच.